बिनपगारी तीन महिने कशासाठी?

प्रश्न : कोकण किनाऱ्यावरील एका मच्छीमार कुटुंबातील वाचक विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वय २३ असून यंदा त्यांचे भौतिकशास्त्रातील एम.एस्सी. पूर्ण होत आहे. शाळा मराठी माध्यमाची होती. वडील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, आहेत आणि घरच्या बोटीवर कर्ज आहे. पुण्यातील एका सरकारी हवामान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांच्या ई-मेलला उत्तर देऊन जूनपासून तीन महिन्यांची इंटर्नशिप देण्याची तयारी दाखवली आहे. मात्र तिथे विद्यावेतन नाही आणि राहण्या-जेवण्याचा खर्च महिन्याला साधारण १२,००० रुपये येईल. नेमक्या त्याच महिन्यात मुंबईतील एका कंपनीत, चुलतभावाच्या ओळखीने, २२,००० रुपये पगाराची नोकरी चालून आली आहे. काकांनी हिशेब मांडला आहे की, पगाराचे ६६,००० बुडणार आणि वर ३६,००० खर्च होणार, म्हणजे तीन महिने फुकट राबून एक लाख दोन हजारांचा फटका. आईला वाटते की मुलीला जहाजावर पाठवतील, रात्रपाळ्या लावतील. स्वतः विद्यार्थिनीला मात्र वाटते की, एकदा सरकारी संस्थेत शिरकाव झाला, साहेबांशी ओळख झाली की पुढे जागा निघाल्यावर आपला विचार होईल. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांच्या घरावरचे पत्रे उडाले, सुपारीची बाग झोपली. 'पुन्हा कोणाचे असे होऊ नये म्हणून मला या क्षेत्रात यायचे आहे; पण तिथे सगळी आयआयटीची मुले असतील याची भीतीही वाटते. नोकरी सोडून पुण्याला जाऊ का?' असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात काकांचा हिशेब आहे, आईची काळजी आहे, चुलतभावाची खटपट आहे. पण ज्यांच्या घरी हवामानाचा अंदाज ही रोजच्या पोटापाण्याची गोष्ट आहे त्या तुमच्या वडिलांचे मत कुठेही नाही. त्याकडे मी शेवटी येईन. आधी तुमचा जो समज या सगळ्या पेचाच्या मुळाशी आहे, त्याबद्दल बोलू.

'शिरकाव' हा शब्द तुम्ही वापरला आहे. केंद्र सरकारच्या हवामान आणि समुद्रविज्ञान संस्थांमध्ये कायमच्या जागेसाठी शिरकाव नावाची वाट नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागातील, म्हणजे आपण ज्याला हवामान खाते म्हणतो तिथल्या, सायंटिफिक असिस्टंटच्या जागा स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेतून भरल्या जातात. अशी मोठी भरती २०१७ मध्ये निघाली आणि त्यानंतर एकदम २०२२ मध्ये, ९९० जागांसाठी. त्या परीक्षेला बसण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, प्रथम श्रेणीची पदवी आणि तिशीच्या आतले वय एवढे लागत होते. तुम्ही कुठे इंटर्नशिप केली, हे अर्जात कोणी विचारतही नव्हते. निम्मे प्रश्न बुद्धिमापन, अंकगणित, इंग्रजी आणि सामान्य ज्ञानाचे होते, निम्मे विषयाचे. शास्त्रज्ञांच्या जागा स्वतंत्र जाहिराती आणि मुलाखतींमधून भरल्या जातात आणि त्यासाठी संशोधनाचा अनुभव लागतो, पण तो वर्षांत मोजला जातो, महिन्यांत नव्हे. मी स्वतः उमेदीची तीन वर्षे एका संस्थेत प्रकल्पावरच्या तात्पुरत्या जागेत काढली आहेत. दर मार्चमध्ये मुदतवाढीचे पत्र येते की नाही, याची वाट पाहण्यात महिना जात असे आणि एका वर्षी ते पत्र मे महिन्यात आले, तोपर्यंत पगार थांबलेला. साहेबांची ओळख होती, ते चहाला हाकही मारत. पण कायमची जागा निघाली तेव्हा निवड मंडळावर ते नव्हते, आणि असायला नको होते, हे मला कळायला पुढे काही वर्षे गेली. तेव्हा ओळखीच्या आशेने तुम्ही पुण्याला निघाला असाल, तर निघू नका. मग हे तीन महिने कशासाठी, हा प्रश्न उरतो आणि त्याचे चांगले उत्तर असू शकते.

त्यासाठी आधी एक फरक नीट समजून घ्यावा लागेल, जो बाहेरून दिसत नाही. हवामानाचे काम करणारे खाते वेगळे आणि हवामानावर संशोधन करणारी संस्था वेगळी. खाते १८७५ सालचे आहे. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही शिमला ऑफिस म्हणतात, जरी मुख्यालय पुढे दिल्लीला गेले. पाषाणची आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, १९६२ ची. ती अंदाज जाहीर करत नाही, अंदाज ज्यावर उभे राहतात ती संगणकावरची गणिती प्रारूपे (मॉडेल) आणि त्यामागचे विज्ञान घडवते. समुद्राच्या बाजूला हैदराबादची इन्कॉईस मच्छीमारांना सूचना आणि त्सुनामीचे इशारे देते, चेन्नईची एनआयओटी समुद्रातील तरंगते बोये आणि यंत्रे उभारते, वास्कोची एनसीपीओआर ध्रुवप्रदेशांचे काम पाहते. या सगळ्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत. गोव्यातच दोना पावलाला असलेली एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, मात्र त्या मंत्रालयाची नाही. ती १९६६ पासून सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, आहे, आणि अर्ज करताना अनेक विद्यार्थी नेमके इथेच चुकतात, कारण दोन्हींच्या जाहिराती, फेलोशिप आणि पीएच.डी.ची व्यवस्था वेगवेगळ्या वाटांनी येते.

खात्यातले काम म्हणजे काय, ते पाहायला तुम्हाला पुण्याला जाण्याचीही गरज नाही. हर्णै, रत्नागिरी, वेंगुर्ले, अलिबाग या तुमच्या किनाऱ्यावर खात्याच्या वेधशाळा आहेत. परवानगी काढून एखाद्या सकाळी सव्वाआठला तिथे जाऊन उभ्या राहा. पांढऱ्या झापांच्या लाकडी पेटीचे दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे वाचन घेताना तापमापकांवर ऊन पडू नये. एका तापमापकाच्या फुग्याभोवती ओली मलमल गुंडाळलेली असते. ती मळली किंवा सुकली की आर्द्रतेचा आकडा चुकतो. निरीक्षक डोळा पाऱ्याच्या पातळीला आणतो, आधी दशांश वाचतो आणि मग पूर्ण अंश, कारण त्याच्या श्वासाच्या उबेने पारा हलायच्या आत दशांश टिपायचा असतो. साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजपात्रात ओतले जाते. हे काल झाले, उद्या होणार, दिवाळीच्या पाडव्यालाही होणार. जिथे वरच्या हवेच्या नोंदींसाठी फुगे सोडले जातात, तिथे पहाटे आणि संध्याकाळी, साडेपाचच्या वेळा साधून हायड्रोजनचा फुगा वर जातो. या कामाला पाळ्या आहेत आणि बदली देशात कुठेही होऊ शकते. आईंची काळजी त्यामुळे अगदीच निराधार नाही. फक्त ती चुकीच्या ठिकाणी लागली आहे. पाळ्या खात्याच्या नोकरीत आहेत, तुमच्या इंटर्नशिपमध्ये नाहीत.

जहाजाचेही तसेच. संशोधन जहाजावर जागा मोजक्या असतात, वैद्यकीय तपासणी आणि परवानग्या लागतात आणि तीन महिन्यांच्या विद्यार्थिनीला, तेही पावसाळ्यात, पाषाणच्या किंवा शिवाजीनगरच्या खुर्चीवरून उचलून कोणी समुद्रात पाठवत नाही. बहुतेक मुलांची तक्रार याच्या उलट असते की, समुद्रविज्ञान म्हणून आलो आणि समुद्र दिसलाच नाही. पण पुढे कधी संधी आलीच, तर ती बाईमाणसाची जागा नव्हे, असे म्हणण्याची सोय आपल्याकडे १९८३ नंतर राहिलेली नाही. त्या वर्षीच्या अंटार्क्टिका मोहिमेत नागपूरच्या अदिती पंत होत्या, आणि त्या याच दोना पावलाच्या संस्थेतल्या समुद्रशास्त्रज्ञ. आईंना हे जरूर सांगा. त्यांच्या घरातली माणसे रोज समुद्रात जातात, तेव्हा भीती पाण्याची नसावी, अनोळखी माणसांची असावी. आणि त्यावर उपाय म्हणजे राहण्याची जागा आधी पक्की करून, शक्य झाल्यास आईंनाच दोन दिवस सोबत नेऊन ती दाखवणे.

मग तुम्ही पुण्यात रोज करणार काय? पहिला आठवडा बहुधा फाटकावरचा पास, महाविद्यालयाचे शिफारसपत्र, ओळखपत्राच्या प्रती आणि संगणकावरचे खाते मिळण्यात जाईल. पाषाणला २०२४ मध्ये 'अर्क' नावाचा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक आला आणि त्याचे फोटो सगळीकडे झळकले. पण इंटर्नच्या वाट्याला सहसा एक साधा टर्मिनल आणि कोणीतरी आधी डाउनलोड करून ठेवलेल्या फाइली येतात. त्या फाइलींमध्ये तापमान, वारा, पाऊस, समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता असे आकडे अक्षांश, रेखांश आणि वेळेच्या चौकटीत भरलेले असतात. त्यातले चुकीचे आकडे ओळखायचे, गहाळ आकड्यांच्या जागी लिहिलेला उणे ९९९ चुकून सरासरीत शिरला नाही ना हे पाहायचे, नकाशा काढायचा, मार्गदर्शकांना दाखवायचा, त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नासाठी तो पुन्हा काढायचा. हे करताना तीन तास कुठे गेले ते कळत नाही, अशी काही मुले असतात. आणि दुसऱ्या दिवसापासून घड्याळ पाहणारीही असतात, ज्यांच्या हुशारीत काही कमी नसते. आपण यांपैकी कोण, हे कळणे ही त्या तीन महिन्यांची खरी कमाई आहे. माझ्या मते ती कमाई तीन महिने घालवण्याइतकी मोलाची आहे. तिच्यासाठी तीन वर्षे मात्र कोणी घालवू नयेत.

आता निसर्ग वादळाविषयी. हा तुमच्या पत्रातला सर्वांत प्रामाणिक भाग आहे, म्हणूनच त्याला जरा टोकदार प्रश्न विचारतो. ३ जून २०२० ला ते वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. ते येणार, हे आधीच माहीत होते; इशारे निघाले होते, बंदरांवर धोक्याचे बावटे चढले होते, बोटी ओढून घेतल्या होत्या. तुमचे पत्रे उडाले ते अंदाज चुकल्यामुळे नव्हे. पत्रा ज्या खिळ्याने बसवला होता तो खिळा, सुपारीचे उंच सडपातळ झाड, कित्येक दिवस बंद पडलेली वीज, हा सगळा अंदाजाच्या पलीकडचा भाग होता. तेव्हा 'पुन्हा कोणाचे असे होऊ नये' ही इच्छा तुम्हाला नेमकी कुठे नेते, याचा विचार करा. ती कदाचित घरबांधणीकडे, आपत्ती व्यवस्थापनाकडे किंवा बागायतीच्या विम्याकडेही नेईल. तिथेही भौतिकशास्त्र जाणणारी माणसे हवीच आहेत. आणि ती हवामानाकडेच नेत असेल, तर साखळीतला कोणता दुवा तुमचा, हे ठरवावे लागेल.

ती साखळी लांब आहे. भर समुद्रातला बोया आणि वरचा उपग्रह आकडे पाठवतात, प्रारूप त्यांचे गणित मांडते, पूर्वानुमान देणारा माणूस त्या गणिताकडे पाहून निर्णय घेतो, मग पत्रक निघते, जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, मत्स्यव्यवसाय खात्याकडे, मच्छीमार सोसायटीकडे आणि अखेर तीन नंबरचा बावटा म्हणून तुमच्या बंदरावर दिसते. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीम या नव्या प्रारूपात जमीन-समुद्राचे चौकोन १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आले. कोकणात ६ किलोमीटर म्हणजे किती, ते तुम्हाला सांगायला नको. तेवढ्यात खाडीचे मुख, वाडी, मधली भातखाचरे आणि मागचा डोंगर असे चार वेगळे वारे असतात. प्रारूप त्या सगळ्याला एकच वारा देते. खारा वारा कधी पडतो, मतलई कधी सुटते, उधाणाला खाडीच्या तोंडाशी काय होते आणि भांगाला काय, हे तुम्ही घरात ऐकत वाढला आहात. हे ज्ञान म्हणजे विज्ञान नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पण आकड्यांना कोणता प्रश्न विचारायचा ते त्यातून सुचते, आणि असा प्रश्न सुचणे हीच संशोधनातली दुर्मीळ गोष्ट आहे.

आयआयटीच्या मुलांची भीती मी याच संदर्भात पाहतो. तिथे आयआयटीची मुले असतील, आणि पहिल्या महिन्यात ती तुमच्यापेक्षा भराभर प्रोग्राम लिहितील, हे मान्यच करून टाका. मोठ्या माणसांची उदाहरणे देऊन धीर देण्याची पद्धत मला फारशी पसंत नाही, पण सुलोचना गाडगीळ यांचा उल्लेख इथे टाळणे अवघड आहे. पुण्यात शिकलेल्या, गणिताच्या वाटेने आलेल्या या विदुषींनी मान्सूनच्या ढगपट्ट्यांवर मोलाचे संशोधन केलेच; शिवाय अनंतपूरच्या भुईमूग शेतकऱ्यांसोबत बसून, पेरणीचा निर्णय घेताना त्यांना पावसाबद्दल नेमके काय कळायला हवे असते, हे समजून घेतले. शेतकऱ्याला 'पाऊस सरासरीच्या ९६ टक्के' याचा काहीच उपयोग नसतो. तांडेलालाही नसतो. इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे आणि ती गोड बोलून नाहीशी होत नाही. शोधनिबंध इंग्रजीतच वाचावे लागतात. रोज एक निबंध, निदान त्याचा सारांश आणि आकृत्या, शब्दकोश बाजूला ठेवून वाचण्याची सवय आजपासून लावली, तर जूनपर्यंत बिचकणे बरेच कमी होईल.

पैशांकडे वळतो, कारण घरात वाद त्यावरूनच आहे. काकांनी पगार आणि खर्च यांची बेरीज केली आहे आणि तिथे त्यांची गफलत झाली आहे. मुंबईत गेलात तरी राहणे-जेवणे फुकट होणार नाही. तिथेही महिना १२,००० लागले असे धरले, तर तीन महिन्यांनी हातात ३०,००० उरतील. पुण्यात गेलात तर ३६,००० खिशातून जातील. दोन्हींतला फरक ६६,००० चा आहे, एक लाख दोन हजारांचा नाही. चुलतभावाच्या घरी राहून मुंबईचा खर्च जेवढा वाचेल, तेवढा हा फरक वाढेल, हे मात्र काकांच्या बाजूने मांडले पाहिजे. पण माझी चिंता या फरकाची नाही. ती खिशातून जाणाऱ्या ३६,००० ची आहे. ते उभे करण्यासाठी बोटीवरच्या कर्जात भर पडणार असेल, किंवा जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, जेव्हा घरात आवक नसते, तेव्हा ते काढावे लागणार असतील, तर माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. विद्येसाठी कर्ज काढायला हरकत नसते. स्वतःची आवड तपासण्यासाठी काढू नये, विशेषतः ती तपासणी बऱ्याच अंशी घरबसल्या होऊ शकते तेव्हा.

ती अशी. पुण्याच्या हवामान विभागाने १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांत मांडून, संकेतस्थळावर मोफत ठेवला आहे. आठ दिवस काढा. पायथॉन या संगणकीय भाषेचे प्राथमिक धडे शिकून तुमच्या गावाचा चौकोन त्यातून वेगळा काढा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस वर्षानुवर्षे मांडा. मग निसर्ग शोधा. वादळ ३ जूनच्या दुपारी आले, पण त्याचा मुख्य पाऊस तुम्हाला ४ जूनच्या रकान्यात पाहावा लागेल. कारण खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहिला जातो. मुंबईकर ज्याला २६ जुलैचा पाऊस म्हणतात, तो सांताक्रूझचा २००५ मधला ९४४.२ मिलिमीटरचा आकडाही खात्याच्या वहीत २७ जुलैच्या सकाळचा आहे, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. ही तारखांची गंमत वाचून तुम्हाला आणखी काही शोधावेसे वाटले, तर पुण्याला जाण्याला अर्थ आहे. 'बरे, मग पुढे काय?' असे वाटले, तर मुंबईची नोकरी घ्या. आणि त्यात कमीपणा मुळीच मानू नका.

आठ दिवसांनंतरही ओढ टिकली, तर माझा सल्ला असा की, तीन महिन्यांचे दोन महिने करून मागा आणि कंपनीला रुजू होण्याची तारीख तेवढी पुढे ढकलता येईल का ते विचारा. पुष्कळ कंपन्या निकालपत्र हाती येईपर्यंत थांबतात. न विचारता दोन्हींपैकी एक गमावण्याचे कारण नाही. मार्गदर्शकांना लिहिताना संकोच बाजूला ठेवा. कोणत्या एका प्रश्नावर काम करायचे, बसायला जागा आणि संगणक मिळेल का, रोजची अडचण कोणाला विचारायची, शेवटी अहवाल आणि प्रमाणपत्र संस्थेच्या नावाने मिळेल का, काम पुढे छापले गेल्यास माझे नाव असेल का, हे सगळे एका सभ्य पत्रात मावते. चांगला मार्गदर्शक अशा पत्राने रागावत नाही. 'या, मग बघू' एवढेच उत्तर आले, तर जाऊ नका. आपल्याकडच्या अनेक इंटर्नशिप फसतात त्या संस्थेच्या वाईटपणामुळे नव्हे, तर कोणाला काहीच ठरवायला वेळ नसल्यामुळे. मूल दोन महिने ग्रंथालयात बसते आणि छापील प्रमाणपत्र घेऊन परत जाते.

पुढची वाट संशोधनाची ठरली, तर पैसे मिळण्याची जागा इंटर्नशिप नसून फेलोशिप आहे. सीएसआयआर-नेट या परीक्षेत पृथ्वी, वातावरण आणि समुद्रविज्ञानाचा स्वतंत्र पेपर आहे, तुम्ही भौतिकशास्त्राचाही देऊ शकता. गेट परीक्षेच्या अभियांत्रिकी विज्ञान पेपरमध्ये वातावरण व समुद्रविज्ञानाचा विभाग आहे. कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडे भत्ता, म्हणजे मुंबईच्या पगारापेक्षा अधिक. मुंबईची नोकरी करत संध्याकाळी या परीक्षेचा अभ्यास करणे, हाही एक पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे आणि घरची स्थिती पाहता तो मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवत नाही, पहिल्याच्या शेजारी ठेवतो.

याच वळणावरच्या इतर वाचकांसाठी थोडे. ज्यांचे शिक्षण अजून चालू आहे, त्यांनी बिनपगारी जागा शोधण्याआधी देशातील तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी अर्ज करावा. तिथे दोन महिन्यांचे विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो, आणि अर्ज सहसा पावसाळ्यानंतर मागवले जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर नव्हे. अमेरिकेतून मुलांसाठी विचारणा करणाऱ्या मराठी पालकांनी लक्षात घ्यावे की, तिथल्या नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेची हॉलिंग्ज शिष्यवृत्ती, जिच्यात दहा आठवड्यांची पगारी इंटर्नशिप असते, ती अमेरिकी नागरिकांसाठी आहे. व्हिसावर शिकणाऱ्यांनी त्यात वेळ घालवू नये. आणि सरकारी म्हणजे कायमचे, हे समीकरण तिथेही पक्के नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच नोआतून शेकडो परिविक्षाधीन (प्रोबेशनवरच्या) कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कमी करण्यात आले.

आता तुमचे वडील. उपग्रहाने मोजलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, याच्या सूचना इन्कॉईस मराठीतही पाठवते. वाऱ्या-लाटांचे इशारे निराळे येतात. यांपैकी वडील काय वाचतात, कशावर विश्वास ठेवतात, कशाकडे दुर्लक्ष करतात आणि गेल्या हंगामात इशारा आला असतानाही बोट काढली ती कोणत्या दिवशी व का, हे त्यांना विचारा. दुपारी जाळी विणायला बसतात तेव्हा विचारा आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारखांसह, वहीत उतरवून घ्या. पावसाचे आकडे तुमच्याकडे आधीच आले असतील. त्या तारखांना प्रत्यक्षात पाऊस किती होता, हे त्यांच्या शेजारी मांडता येईल. मार्गदर्शकांना पाठवायच्या पत्राला ते एक पान जोडा आणि यावर काम करता येईल का, असे विचारा. कंपनीला तारखेबद्दल लिहायचे पत्र मात्र त्यासाठी थांबवू नका. ते याच आठवड्यात जाऊ द्या.